धरणाचे पाणी फिरायचे, पण बोट घ्यायची नाही

प्रश्न: आम्ही नवरा-बायको, दोन मुले आणि सासूबाई. हिडकलच्या पाण्याभोवती एक चक्कर मारायची खूप दिवसांची इच्छा आहे. चारचाकी नाही, बोटीचा तर प्रश्नच नाही. एका दिवसात, कमी खर्चात काय जमेल?
— एक वाचक, संकेश्वर

पूर्ण चक्कर डोक्यातून काढा. हिडकलचा राजा लखमगौडा जलाशय ५१ टीएमसीचा, म्हणजे ५१ अब्ज घनफूट पाण्याचा आहे. घटप्रभा नदीचे पाणी भरले की ते प्रत्येक ओढ्याच्या खोऱ्यात आत शिरते. त्यामुळे समोर दिसणारे गाव पाण्यावरून हाकेच्या अंतरावर असले, तरी रस्त्याने मोठा वळसा पडतो. काठाला धरून जाणारा सलग रस्ता नाही. म्हणून चक्कर मारण्याऐवजी काठावरच्या दोन जागा निवडा: एक धरणाच्या बाजूची, एक वरच्या फुगवट्याकडची, म्हणजे धरणाचे पाणी मागे पसरते तिकडची. दोन्हीकडे एसटीने जा, गावातून पायी पाण्यापर्यंत उतरा आणि त्याच वाटेने परत या.

निघण्याआधी स्टँडवरच्या कंट्रोलरला परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारा, आणि बेत मात्र तिच्या आधीच्या गाडीचा ठेवा. खेड्यातली शेवटची फेरी रद्द झाली की सासूबाई आणि मुलांसह काठावर अडकायला होते.

कोणत्या महिन्यात जाता यावर सगळे अवलंबून आहे. पावसाळा संपताना धरण भरलेले असते, पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून २,१७५ फुटांची. तेव्हा पाणी गावांच्या जवळ येते आणि चालणे थोडे पडते. सासूबाईंना घेऊन जायचे तर ऑक्टोबर ते डिसेंबर हाच काळ धरा. मार्चनंतर पाणी दूर सरकते, उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर होते आणि बांधाबांधाने लांबवर चालता येते. पाणी खूप खाली गेले की धरणात गेलेल्या हुन्नूर गावाचे विठ्ठल मंदिर उघडे पडते. ते पाहायला त्या दिवसांत कोणतीही नाव लागत नाही. पिकातून चालू नका, तो कुणाच्या तरी वर्षाच्या कमाईचा तुकडा असतो.

उन्हाळ्यातला खरा धोका गाळाचा. वरचा थर वाळून भेगा पडलेल्या दिसतात आणि माणूस निर्धास्त चालू लागतो. पाण्यापासून शेवटच्या वीस-तीस पावलांत त्याच पापुद्र्याखाली ओला गाळ असतो. हातात काठी ठेवा आणि पुढे टोचत चला. काठी वीतभर सहज गेली की तिथून मागे फिरा. गुरांच्या खुरांचे ताजे ठसे जिथे उथळ आहेत ती वाट पक्की. ठसे खोल आणि पाण्याने भरलेले असतील तर ती सोडा. पाय रुतलाच तर जोर लावून वर ओढू नका, दुसरा पाय आणखी खाली जातो. मागे बसा, वजन पाठीवर घ्या, टाच हलवून पायाभोवती पाणी-हवा जाऊ द्या आणि मग पाय बाहेर काढा.

प्रश्न: मी कॉलेजला आहे. हवा भरायची दोन माणसांची कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी होडी, ऑनलाइन स्वस्तात मिळते. ती सॅकमध्ये घालून बसने धरणावर नेता येईल का? मित्र म्हणतात, हा पैशाचा चुराडा.
— एक वाचक, चिकोडी

नेता येते, आणि तुमच्यासारख्याला हाच सगळ्यात बरा मार्ग आहे. अट एकच: मोठे पाणी ओलांडायचे नाही, काठाला धरून फिरायचे.

विकत घेताना तीन गोष्टी बघा. हवेचे कप्पे निदान तीन वेगळे हवेत, दोन बाजूंना आणि एक तळाला, म्हणजे एक फुटला तरी बाकीचे तरंगवतात. मागे खाली सुकाणूसारखे पाते हवे, नाहीतर वल्ह्याच्या प्रत्येक फटक्याला नाक वळत राहते. आणि छापील वजनमर्यादेच्या दोनतृतीयांशापर्यंतच भार घ्या, १८० किलो लिहिले असेल तर १२०. मर्यादेइतका भार टाकला की कडा पाण्याजवळ येते आणि लाट आत येते.

घरी आणल्यावर पहिले काम म्हणजे ती रात्रभर फुगवून ठेवणे. सकाळी मऊ पडली तर शिवणींवर आणि व्हॉल्व्हवर साबणाचे पाणी लावा, बुडबुडे कुठून येतात ते दिसेल. पुष्कळदा दोष व्हॉल्व्हच्या झाकणात वाळू अडकल्याचा असतो.

काठावर पोहोचल्यावर साध्या व्हिनाइलच्या (पीव्हीसीच्या) कयाकमध्ये हवा भरताना अंगठ्याने दाबून बघा. थोडी दबली पाहिजे, दगडासारखी कडक नको. पाण्यात उतरवल्यावर दहा मिनिटांत ती ढिली वाटते. गळती समजून घाबरू नका, थंड पाण्याने आतली हवा आकसते. तेव्हा थोडी हवा परत भरा. उलट जेवायला काठावर थांबलात तर उन्हात ठेवू नका. भरलेली कयाक चैत्राच्या उन्हात तापली की हवा फुगून आतली शिवण सुटते, आणि सुटलेली आतली शिवण घरी दुरुस्त होत नाही. सावली नसेल तर प्रत्येक कप्प्यातली थोडी हवा सोडा.

पंक्चर आपल्याकडे बाभळीच्या काट्याने होते, पाण्यात नव्हे, काठावर ओढून नेताना. म्हणून ओढू नका, दोघांनी उचलून न्या. पंक्चर झाले तर सायकलच्या दुकानातले रबर सोल्यूशन लावू नका. ते ट्यूबच्या रबरासाठी असते, पीव्हीसीवर दोन दिवसांत ठिगळ सुटते. पीव्हीसीचा गोंद आणि पीव्हीसीचेच ठिगळ घ्या. हवा पूर्ण काढा, जागा बारीक पॉलिश पेपरने घासा, स्पिरिटने पुसा. ठिगळ गोल कापा, कारण कोपरे आधी उचलतात, आणि ते भोकाच्या चारही बाजूंना दोन बोटे जास्त ठेवा. दोन्हीकडे पातळ थर लावा, बोटाला चिकट लागेपर्यंत थांबा, पुन्हा पातळ थर द्या, मग दाबून वर जाड पुस्तकांचे वजन ठेवा. एक पूर्ण दिवस हवा भरायची नाही.

आता वाऱ्याबद्दल, कारण माणसे इथेच फसतात. हवेची कयाक हलकी आणि उंच. शांत पाण्यात तासाला तीन-चार किलोमीटर जाते, समोरून वारा आला की निम्मा वेग खातो. जाताना वारा पाठीवर घेऊन मजेत पुढे गेलेला माणूस परतीला वल्ही मारून जागच्या जागी राहतो. म्हणून सकाळी आधी वाऱ्याच्या तोंडाने जा, येताना वारा मदतीला असेल. उन्हाळ्यात दुपारी पश्चिमेचा वारा जोर धरतो. पाण्यावर पांढरा फेस तुरळक दिसू लागला की वारा ताशी १२ ते १९ किलोमीटरच्या टप्प्यात आला समजा, आणि तेव्हा काठाला लागा. एप्रिल-मेमध्ये वळिवाचे ढग चढताना दिसले तर वाट बघू नका. वीज दिसल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर पडतो. तीसच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि तुम्ही पाण्यावर असता कामा नये. जून ते सप्टेंबर कयाक घरीच ठेवा.

मासेमारीची जाळी संध्याकाळी लावतात आणि पहाटे काढतात. थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या एका ओळीत तरंगताना दिसल्या की ती जाळ्याची रेघ, तिला टोकाकडून वळसा घाला. वल्हे अडकलेच तर हिसका देऊ नका, सैल करून सोडवा.

प्रश्न: चार ड्रम आणि प्लायवूड जोडून तराफा केला तर? नाहीतर गुऱ्हाळातली जुनी काहील, म्हणजे उसाचा रस उकळायची मोठी कढई, आहेच, पुरात आमच्याकडे लोक तिनेच जात.
— एक वाचक, निपाणी

काहील पुराच्या वेळी नाइलाजाने वापरतात, हौसेला नको. ती पत्र्याची, तळ सपाट. कडेवरून एकदा पाणी आत आले की तिला तरंगवणारे काही उरत नाही, ती सरळ तळाला जाते.

ड्रमचा हिशेब असा. २०० लिटरचे चार ड्रम पूर्ण बुडाले तर ८०० किलो उचलतात, पण ते निम्मेच बुडले पाहिजेत, म्हणजे ४००. त्यातून ड्रम, बांबू आणि प्लायचे साधारण १०० किलो वजा करा. उरलेल्या ३०० किलोवर कागदोपत्री चार माणसे बसतात, पण तिघेच बसवा आणि तेही मध्यभागी. सगळे एका कडेला सरकले की त्या बाजूचे दोन ड्रम बुडून तराफा उलटतो. झाकणाचे तोंड वरच्या बाजूला ठेवा, आटे एमसीलने बंद करा, आणि ड्रम रसायनाचा असेल तर तो मुळीच घेऊ नका. उरलेले रसायन धुऊन निघेल याची खात्री नसते आणि धुण्याचे पाणीही कुठेतरी जातेच. एवढे करून तराफा गावातल्या तळ्यावर ठीक. मोठ्या धरणावर त्याला वारा ढकलेल तिकडे तुम्ही जाल.

प्रश्न: कोळ्यांच्या नावेतून पैसे देऊन जाता येते का? काय बघून बसावे?
— एक वाचक, खानापूर

मासे धरण्याची नाव ही प्रवासी नाव नाही, हे पहिले लक्षात घ्या. जिथे पर्यटकांसाठी परवानगी असलेली सोय आहे तिथेच बसा. मोटार लावलेल्या नावेला अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ नुसार नोंदणी आणि तपासणी प्रमाणपत्र लागते. ते बघायला मागा, त्यात कुणाचा अपमान नाही.

बसल्यावर कडेपासून पाण्यापर्यंत निदान एक वीत अंतर उरले पाहिजे. तेवढे नसेल तर एक माणूस उतरवा. पाणी उपसायला डबा आणि जादा वल्हे आहे का ते पाहा. हरिगोल, म्हणजे गोल बुट्टीची नाव, असेल तर आधी तळाचे डांबर तडकले आहे का ते बघा. एकेक जण मध्यभागी पाऊल टाकून बसा, उभे राहून फोटो काढू नका. हरिगोल शांत पाण्यात फार छान, वाऱ्यात ती गरगर फिरते.

लाइफ जॅकेट बसण्याआधी घाला, मांडीखाली ठेवू नका. आतल्या लेबलवर न्यूटनचा आकडा असतो, म्हणजे ते किती जोराने तरंगवते ते. ५० न्यूटनचे पोहता येणाऱ्यासाठी आणि काठाजवळचेच, पोहता न येणाऱ्याला १०० किंवा जास्त हवे. मुलाला घातल्यावर खांद्याजवळ धरून वर उचला. जॅकेट कानापर्यंत सरकले तर ते त्याच्या मापाचे नाही. पैसे जाऊन-येऊनचे आधी ठरवा आणि निम्मे परत काठावर आल्यावर द्या.

प्रश्न: सौंदत्तीला यल्लम्माला जातो तेव्हा नविलुतीर्थाचे पाणी बघायचे राहून जाते. आम्हा चौघी मैत्रिणींना बस फुकट आहे ना?
— एक वाचक, गोकाक

हो. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या महिलांना साध्या आणि एक्स्प्रेस गाड्यांत शून्य तिकीट मिळते. कर्नाटकचा पत्ता असलेले ओळखपत्र जवळ ठेवा. ऐषारामी, एसी आणि आंतरराज्य गाड्यांत ही सवलत नाही, त्यामुळे गोकाककडून जाताना राज्याच्या आतलीच गाडी धरा. मलप्रभा नदीवरचे रेणुकासागर, म्हणजेच नविलुतीर्थ धरणाचे पाणी, सौंदत्ती आणि मुनवळ्ळीच्या दरम्यान आहे. सकाळी आधी धरण बघा, मग देवीला जा. दुपारी उघड्या काठावर सावली सापडत नाही. धरणाच्या भिंतीवर आणि दरवाज्यांजवळ जायला बंदी असू शकते, फाटकावरच्या माणसाला विचारूनच पुढे सरका.

प्रश्न: राकसकोपच्या पाण्यात कयाक उतरवावी का?
— एक वाचक, बेळगाव

नाही. ते शहराच्या पिण्याचे पाणी आहे. इतर कोणत्याही धरणावर उतरण्याआधी पाटबंधारे उपविभागाच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या. त्यात तारीख, माणसांची संख्या, नावेचा प्रकार आणि कोणत्या काठावरून उतरणार ते लिहा, आणि एका प्रतीवर पोहोच घ्या. काठावर कुणी अडवले तर ती पोहोच आणि सोबत आलेले उत्तर दाखवता येते. नुसत्या पोहोचेवर उतरू नका, अर्ज मिळाला याचा तो पुरावा आहे, परवानगीचा नव्हे.