चुकीच्या रकान्यात गेलेली गोष्ट

सोलापूर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. टॉवेल कारखान्याचा कारभार अंगावर आल्यापासून तू एपिक्टेटस, तो जुना ग्रीक स्टोइक तत्त्वज्ञ, वाचतोयस, बरं वाटलं. सुताचा भाव, लाईटचा खेळखंडोबा, व्यापाऱ्याकडे अडकलेलं पेमेंट, यातलं आपल्या हातात काय नि काय नाही, याचे दोन रकाने केलेस तेही छान. पण पुढे लिहितोस, मुलगा आजारी म्हणून एका कामगाराने उचल मागितली, गल्ल्यात पैसा नव्हता, ‘माझ्या हातात नाही’ म्हणून तू विषय संपवलास आणि मन शांत राहिलं.

उचल हातात नव्हती, मान्य. पोरगं कसं आहे, कुठे दाखवलंय, एवढं विचारणं कुणाच्या हातात होतं रे? ते चुकीच्या रकान्यात गेलं.

स्टोइक पंथाचा माणूस म्हणजे भावना नसलेला दगड, असं समजणाऱ्यांनी मार्कस ऑरेलियस अर्धाच वाचलेला असतो. इ.स. १६१ ते १८० हा रोमचा सम्राट. साम्राज्यात रोगाची साथ, सरहद्दीवर लढाया, त्यात त्याने स्वतःसाठी टिपणं लिहिली. आज आगाऊ, कृतघ्न, उद्धट माणसं भेटणार, असं तो सकाळीच स्वतःला बजावतो. लोक एवढंच उचलून स्टेटसला ठेवतात. त्याच टिपणात पुढे आहे की तीही आपल्याच नात्याची. हातपाय किंवा दातांच्या वरच्या-खालच्या ओळी यांच्यासारखे आपण मिळून काम करायला जन्मलोय.

तुझा एपिक्टेटस तर गुलामीतून आलेला, पायाने अधू. दुःखात असलेल्याला शब्दांनी साथ द्या, वेळ पडली तर त्याच्याबरोबर कण्हा, फक्त आतून कण्हू नका, असं तो सांगतो. मला हे शेवटचं जरा कोरडं वाटतं. आतून थोडं हललं तर बिघडलं काय? पण दार लावून घ्या, असं त्यानेही म्हटलेलं नाही.

स्वावलंबनाबद्दल विचारलंस. क्लेअन्थीस हाही स्टोइकच, मूळचा मुष्टियोद्धा. अथेन्समध्ये रात्री बागांना पाणी ओढून पोट भरायचा आणि दिवसा पंथाचा संस्थापक झेनो याच्याकडे शिकायचा. आपल्याकडेही पाणी काही दिवसांआड येतं, तू तुझी पिंपं भरून घेतोस. मग तोच पाईप शेजारच्या आजींच्या पिंपात सोडायला असा किती वेळ जातो?

आपल्या गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. बाकीचे परतले, हे जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि १९४२ मध्ये, ३२व्या वर्षी तिथेच वारले. युद्ध थांबवणं त्यांच्या हातात नव्हतं. समोर आणलेल्याची जखम शिवणं होतं.

आता कामाचं. रविवारी त्या कामगाराच्या घरी जा. थोडी फळं ने आणि एपिक्टेटस अजिबात काढू नकोस. घरात तेलुगूच बोलत असतील, तुलाही मोडकंतोडकं येतंच की, तेच बोल. उचल एकदम जमत नसेल तर थोडी थोडी देता येईल का, ते वडिलांना विचार. मंदीत त्यांनी असे प्रसंग निभावलेत. आणि त्या व्यापाऱ्याला रोज फोन करत बसू नकोस. सोमवारी दुकान उघडायच्या वेळेला स्वतः जाऊन उभा राहा, बिलांच्या प्रती बरोबर असू देत.

तुझा,
मास्तर