पुण्यात इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जिंगच्या जागेत पेट्रोलची गाडी लावून कोणी निघून गेलं, तर काय करायचं?

आधी ती जागा कोणाची आहे ते बघा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. मॉल, हॉटेल किंवा सोसायटीच्या आवारात असेल तर सिक्युरिटीला गाठा आणि गाडीचा नंबर स्पीकरवर पुकारायला लावा. बहुतेक लोक दहा मिनिटांत धावत येतात, "दोनच मिनिटं लावली होती हो" म्हणत. तिथे वाद घालू नका, जागा मोकळी झाली की चार्जिंगची गन लावा.

सार्वजनिक रस्त्यावर असेल तर वाहतूक पोलिसांना कळवा, गाडी उचलायचा अधिकार त्यांचाच. फोटो असा काढा की नंबर प्लेट, चार्जिंगची पाटी आणि जमिनीवरचे पट्टे एकाच चौकटीत येतील. प्लेट पांढरी की हिरवी (हिरवी म्हणजे इलेक्ट्रिक), हेही त्यात दिसतं. नुसता गाडीचा फोटो काहीच सिद्ध करत नाही.

मशीनवरच्या हेल्पलाइनलाही फोन कराच. हे कोणी करत नाही, म्हणून अ‍ॅपवर ती जागा मोकळीच दिसत राहते आणि बाणेरहून आलेला पुढचा माणूसही फसतो.

चाकातली हवा सोडणं, मागे आपली गाडी आडवी लावणं अजिबात नको, उलट तक्रार तुमच्यावरच होईल.

आणि हिरव्या प्लेटवाल्यांनो, डीसी म्हणजे फास्ट चार्जिंग ८० टक्क्यांनंतर फार मंदावतं. मागे कोणी थांबलं असेल तर तेवढ्यावर गाडी काढा. चार्ज संपल्यावर जेवत बसणं म्हणजेही जागा अडवणंच.