अमेरिकी यादवी युद्धात लढलेले जर्मन स्थलांतरित कार्ल शुर्त्स यांनी युद्धानंतर काय केले?

थोडक्यात सांगायचे तर ते राजकारणात गेले आणि मंत्रिपदापर्यंत पोहोचले. १८२९ मध्ये कोलोनजवळच्या लिब्लार येथे जन्मलेले शुर्त्स १८४८-४९ च्या जर्मन क्रांतीत लढले, रास्टाटचा किल्ला पडल्यावर गटारातून निसटले आणि १८५२ मध्ये अमेरिकेत आले. लिंकन यांचा प्रचार केल्यावर त्यांना स्पेनमधील राजदूतपद मिळाले होते. ते सोडून ते १८६२ मध्ये उत्तरेच्या (संघराज्याच्या) सैन्यात दाखल झाले. १८६३ मधील चॅन्सलर्सव्हिलच्या लढाईत सैन्याच्या उजव्या बगलेला धोका असल्याचा त्यांचा इशारा वरिष्ठांनी मनावर घेतला नाही, आणि पराभवाचे खापर मात्र वृत्तपत्रांनी त्या सैन्यातील जर्मन स्थलांतरित सैनिकांवर फोडले, हे माझ्या मते अन्यायाचेच होते.

युद्धानंतर पत्रकारिता करून ते १८६९ ते १८७५ या काळात मिसूरीचे सिनेटर होते. १८७७ ते १८८१ या काळात राष्ट्राध्यक्ष हेस यांच्या मंत्रिमंडळात अंतर्गत व्यवहार खाते सांभाळताना त्यांनी वशिल्याऐवजी गुणवत्तेवर नेमणुका करण्याचा आग्रह धरला. मूळ अमेरिकी जमातींविषयीचे त्यांचे धोरण मात्र, त्या समाजांवर गोऱ्यांची जीवनपद्धती लादणारे असल्याने, आज टीकेचा विषय ठरते. १९०६ मध्ये न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.