सीनर : भविष्यवेत्ता, संदेष्टा की द्रष्टा?

प्रश्न थोडक्यात असा. एक वाचक बोअर युद्धावरचा लेख मराठीत आणत आहेत (बोअर म्हणजे दक्षिण आफ्रिकेतले मुख्यतः डच वंशाचे शेतकरी; हे युद्ध त्यांचं इंग्रजांशी झालं). कूस द ला रे या बोअर सेनापतीच्या लोकांत निकलास फान रेन्सबर्ग नावाचा एक शेतकरी होता, त्याला सगळे 'सीनर' म्हणत. वाचकबाईंनी 'भविष्यवेत्ता' लिहिलं, मजकूर तपासणाऱ्याने ते खोडून 'संदेष्टा' केलं. दोन्हींतलं बरोबर कोणतं? शिवाय बोअरांच्या लढाईला 'गनिमी कावा' आणि त्यांच्या पथकाला 'कमांडो' म्हटलं तर चालेल का?

पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर : दोन्ही नकोत, 'द्रष्टा' घ्या. ते का, ते जरा सविस्तर सांगतो, कारण इथे शब्द चुकला तर नुसती भाषा बिघडत नाही, हकीकतही बदलते.

या शब्दांचा निवाडा बायबलमध्येच करून ठेवलेला आहे. 1 शमुवेलच्या नवव्या अध्यायात शौल आपल्या बापाची हरवलेली गाढवं शोधत हिंडतो. गाढवं काही सापडत नाहीत. चाकर सुचवतो, या गावात देवाचा माणूस आहे, त्याला विचारू. माझ्याजवळ पाव शेकेल चांदी आहे, ती त्याला देऊ. आणि गोष्ट ऐन रंगात असताना लिहिणारा मध्येच थांबून खुलासा करतो, की आज ज्याला संदेष्टा म्हणतात त्याला पूर्वी द्रष्टा म्हणत. म्हणजे चक्क धर्मग्रंथातली तळटीप! मूळ हिब्रूत शब्द दोन आहेत : 'रोए' म्हणजे पाहणारा आणि 'नाबी' म्हणजे देवाच्या वतीने बोलणारा. बोअरांच्या घरोघरी असलेल्या 1637च्या डच बायबलात या जागी 'झीनर' आणि 'प्रोफेट' असे दोन वेगळे शब्द आहेत. 'सीनर' हे त्या 'झीनर'चंच आफ्रिकान्स रूप (आफ्रिकान्स म्हणजे डचमधून निघालेली बोअरांची भाषा). संपूर्ण आफ्रिकान्स बायबल 1933 साली आलं, तोवर फान रेन्सबर्ग जाऊन सात वर्षं झाली होती. तो डच बायबलावरच वाढलेला. शाळा जेमतेम पाहिलेला, आणि म्हणतात की बायबलाशिवाय दुसरं पुस्तक त्याने वाचलंच नाही.

म्हणजे त्याच्या लोकांनी त्याला नाव दिलं ते दोन शब्दांतून निवडून. 'प्रोफेट' म्हणण्याची त्यांची छाती झाली नसावी. तो मान यशया-यिर्मया या बायबलातल्या थोर संदेष्ट्यांचा. 'झीनर' हा त्यामानाने हाताशी येणारा शब्द, गाढवं कुठे गेली हे ज्याला विचारता येतं असा. आणि 1900 नंतर बोअर घोडेस्वार त्याला विचारत होते तेही त्याच जातीचं : इंग्रज कुठून येताहेत, छावणी आज हलवायची का, आपला अमुक माणूस जिवंत आहे का.

आता मराठीकडे येऊ. मराठी बायबलात 'संदेष्टा' रुळलेला आहे आणि शब्द चांगलाच घडवलेला आहे. 'उपदेष्टा'सारखाच, संदेश पोचवणारा. जुन्या भाषांतरांत 'भविष्यवादी' असे, तो मागे पडला ते बरंच झालं. तेव्हा तपासणाऱ्यांचं ख्रिस्ती परिभाषेचं भान पक्कं आहे, पण त्यांनी 'नाबी'चा शब्द 'रोए'ला लावला. 'भविष्यवेत्ता'त अडचण निराळी आहे. वेत्ता म्हणजे जाणणारा. त्या शब्दामागे आपल्याला पंचांग, पत्रिका आणि दक्षिणा दिसते. शकुन पाहणारे, चेटूक करणारे यांना अनुवादाच्या अठराव्या अध्यायात साफ मनाई आहे (पाचव्या ग्रंथाचं मराठी बायबलातलं नावच 'अनुवाद', भाषांतरकारांनी यावर खुश व्हायला हरकत नाही). कडव्या कॅल्व्हिनपंथी (कर्मठ प्रोटेस्टंट) बोअराला भविष्यवेत्ता म्हणणं म्हणजे त्याला त्याच मनाईच्या यादीत बसवणं.

'द्रष्टा'बद्दल माझीही एक तक्रार आहे. हल्ली हा शब्द पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या फलकांवर जाऊन बसला आहे. ज्याने साखर कारखाना काढला तो द्रष्टा, ज्याने बायपास आणला तोही द्रष्टाच. पण मुळात हा मंत्रद्रष्ट्या ऋषींचा शब्द आहे. ऋषींनी मंत्र रचले नाहीत, पाहिले, असं परंपरा मानते. सीनरला नेमका हाच अर्थ लागतो. वाचकाचा गोंधळ होईल असं वाटलं तर पहिल्या उल्लेखाला 'दृष्टान्त होणारा' अशी जोड द्या, आणि पुढे खुशाल 'द्रष्टा' लिहा.

कारण 'दृष्टान्त' हा आपल्याकडचा खरा किल्लीचा शब्द आहे. 'देवाने दृष्टान्त दिला' हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. तुकोबांना बाबाजींचा अनुग्रह झाला तो स्वप्नातच. दृष्टान्तात काहीतरी दिसतं. त्याचा अर्थ मात्र नंतर लावायचा असतो, आणि पुष्कळदा तो दुसरेच लावतात. 'भाकीत'चं तसं नसतं. भाकणे म्हणजे बोलणे, शब्द टाकणे. 'भाक देणे'मधलं वचन किंवा 'करुणा भाकणे' हे त्याच घरातले. भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या घटमांडणीनंतर पाऊस कसा, पीक किती, राजा कायम की नाही, हे सांगतात ते भाकीत. पट्टणकोडोलीच्या यात्रेत फरांडेबाबा भर गर्दीत बोलतात ती भाकणूक. तिथे बोलणारा स्वतः अर्थासकट बोलतो. सीनर मात्र बहुतेक वेळा चित्रं सांगून गप्प होई.

हा फरक किती महागात पडू शकतो ते 1914 साली दिसलं. बोअर युद्ध 31 मे 1902ला तहाने संपलं होतं, बोअरांची प्रजासत्ताकं गेली होती. पहिलं महायुद्ध पेटल्यावर इंग्रज अडचणीत आहेत, हीच उठावाची वेळ, असं जुन्या लढवय्यांना वाटू लागलं. सीनरने दोन गोष्टी पाहिल्या होत्या. एक, झुंजणारे बैल. करड्या बैलाने तांबड्याला लोळवलं. दुसरी, एक काळा ढग, त्यावर 15 हा आकडा, त्यातून रक्त वाहतंय; मग द ला रे बोडक्या डोक्याने घरी येतोय आणि मागे फुलांनी झाकलेली गाडी. एवढंच. करडा म्हणजे जर्मनी, तांबडा म्हणजे इंग्लंड, पंधरा म्हणजे पंधरा तारीख आणि फुलं म्हणजे सेनापतीचा सत्कार, हा अर्थ ऐकणाऱ्यांनी लावला. 15 ऑगस्टला ट्रॉयरफोन्टेन या ठिकाणी शेकडो लोक जमले, काहीतरी घडणार म्हणून. पण त्याआधी दक्षिण आफ्रिकेचा पंतप्रधान लुई बोथाने द ला रे याची समजूत काढली होती. द ला रे यानेच लोकांना शांत राहायला सांगितलं आणि सभा पांगली. बरोबर महिन्याने, 15 सप्टेंबरच्या रात्री, जोहान्सबर्गजवळ लांगलाख्ते इथे पोलिसांनी एका दरोडेखोर टोळीसाठी नाकाबंदी केली होती. द ला रे याची मोटार थांबली नाही, गोळी सुटली, आणि तो जागीच गेला. मग लोकांना फुलांच्या गाडीचा अर्थ नव्याने कळला. तेव्हाही आकडा तोच होता, अर्थ बदलला.

उठाव झाला आणि काही महिन्यांत मोडला. सीनरही त्यात होता. पकडला गेला, तुरुंगात गेला. जर्मनी हरली. आता मराठीत 'सीनरने जर्मनीच्या विजयाचं भाकीत केलं होतं' असं लिहिलं, तर दुसऱ्यांचा अर्थ त्याच्या तोंडी घातल्यासारखं होतं. 'सीनरला करडा बैल तांबड्याला लोळवताना दिसला' हे वाक्य खरं. पुढचं भाकीत ज्याचं त्याचं. त्याचे भक्त आजही त्याच्या दृष्टान्तांना नव्या घटना चिकटवत असतात. तो उद्योग मला अजिबात पटत नाही, पण तो कसा चालतो हे या दोन शब्दांच्या फरकातून चांगलं दिसतं.

हे सगळं एरवी वेडगळ वाटेल, म्हणून त्या काळाविषयी दोन शब्द. 1900च्या जूनमध्ये प्रिटोरिया ही बोअरांची राजधानी पडल्यावर इंग्रजांना वाटलं, झालं युद्ध. बोअर मात्र छोट्या घोडदळी टोळ्या करून दोन वर्षं लढत राहिले. इंग्रजांनी शेतं-घरं जाळली, माळरानावर सुमारे 8,000 चौक्या आणि काटेरी तारा घातल्या, बायकापोरांना छावण्यांत कोंडलं. तिथे जवळजवळ 28,000 बोअर मेले, त्यांतली 22,000च्या आसपास मुलं. काळ्या आफ्रिकी लोकांच्या छावण्या वेगळ्या होत्या. तिथले नोंदलेले मृत्यूच 14,000च्या वर आहेत. स्वतःला इस्राएलाची प्रजा मानणाऱ्या, ओल्या-सुक्या दिवसांत स्तोत्रं म्हणणाऱ्या या लोकांना बायबलातल्या निर्गम (इस्राएलाचं मिसरातून बाहेर पडणं) आणि बाबेलचा बंदिवास या गोष्टी म्हणजे रोजचं वर्तमानपत्र झालं होतं. मात्र लेखात 'वसाहतवादाविरुद्धचा लढा' असं सरसकट लिहू नका. बोअर स्वतःच वसाहतकार होते, काळ्यांच्या जमिनीवर बसलेले. 'साम्राज्याविरुद्ध' म्हणा, तेवढं पुरतं.

'गनिमी कावा'. गनीम म्हणजे शत्रू, लुटारू; शब्द अरबी-फारसीतून आलेला. मोगल कागदपत्रांत मराठ्यांना गनीम म्हटलं आहे आणि आपण ते शिवीसारखं विशेषण अभिमानाने मिरवलं, असं अनेकजण मानतात. आज त्याचा अर्थ एका युद्धपद्धतीपुरता स्थिरावला आहे, तेव्हा बोअरांना बिनधास्त वापरा. 'गुरिल्ला' तरी कुठे त्यांचा? तो स्पॅनिश, नेपोलियनशी लढलेल्यांकडून आलेला. 7 मार्च 1902ला ट्वीबॉशला द ला रे याने थेट लॉर्ड मेथ्यूएन या इंग्रज सेनापतीलाच जखमी अवस्थेत पकडलं आणि उपचारासाठी परत पाठवून दिलं. या लढाईला गनिमी काव्यापेक्षा नेमका शब्द मला सुचत नाही.

'कमांडो' मात्र टाळा. इंग्रजीने तो शब्द बोअरांकडूनच उचलला, 1940 साली ब्रिटिश सैन्याने आपल्या छापामार तुकड्यांना तो दिला आणि तिथून तो आपल्याकडे आला. आता मराठी वाचकाला कमांडो म्हटल्यावर काळ्या कपड्यातला एकटा जवान दिसतो. बोअरांचा कोमांडो म्हणजे अख्ख्या तालुक्याचं पथक. सोळा ते साठ वयाच्या पुरुषाने आपला घोडा, आपली बंदूक आणि काही दिवसांची शिदोरी घेऊन हजर व्हायचं; सरदारही आपणच निवडायचे. आपल्याकडे स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. तेव्हा पथकाला 'कोमांडो' ठेवा आणि एकदाच 'शिलेदारांचं पथक' असा खुलासा करा. शिलेदाराला पगार मिळे, बोअराला नाही, हेही कंसात टाका.

लेखात 'काकी' हा शब्द भेटला तर दचकू नका. बोअर इंग्रज सोजिराला 'काकी' म्हणत; तो आपला खाकी. हिंदुस्थानातल्या फौजेचा रंग थेट तिकडे शिवी होऊन बसला. इंग्रजी घोड्यांच्या वैरणीबरोबर पसरलेल्या झेंडूच्या कुळातल्या एका तणालाही तिथे 'खाकीबॉस' म्हणतात. याच्या उलट वाटेने हजारो बोअर कैदी हिंदुस्थानात आले. काहींना अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्यात ठेवलं होतं. तुमच्या लेखात जागा असेल तर हे घालाच.

उच्चारांचं राहिलं. आफ्रिकान्समध्ये v चा उच्चार फ होतो, म्हणून 'व्हॅन' नको, 'फान'. शेवटचा g घशातला, 'रेन्सबर्ख'च्या जवळ जाणारा, पण मराठीत 'रेन्सबर्ग' चालवून घ्या. 'बोअर'चा मूळ उच्चार 'बूर'. मात्र मराठीत शंभरहून अधिक वर्षं बोअर छापलं जातंय, ते आता बदलू नका.