सीएसआर टीममध्ये जॉइन होतेयस म्हणून

अगं, मेसेज वाचला तुझा, कॅम्पसमधून थेट सीएसआर, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीचं काम बघणाऱ्या टीमला घेतलं, फार बरं वाटलं. कॉलेजात कंपनी कायदा २०१३, कलम १३५, मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामांवर खर्च करायचे, हे सगळं घोटून घेतलं असेलच. पण तेवढ्यावर थांबू नकोस.

नागपूरची एम्प्रेस मिल बघ. जमशेटजी टाटांनी १८७७ ला सुरू केली, तिथं १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड आला, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई, तेव्हा यातलं काही कायद्यानं करावं लागत नव्हतं. आणि आजच्या नियमात फक्त स्वतःच्याच कर्मचाऱ्यांसाठी केलेला खर्च सीएसआरमध्ये धरत नाहीत. तसं ते बरोबरच आहे, माणसांना नीट वागवणं हे कंपनीचं कामच, पण झालं काय की जबाबदारी म्हणजे नफा झाल्यावर वाटायचे पैसे असं डोक्यात बसलं आणि नफा कसा कमावला ते विचारायचं राहूनच जातं.

मीही तेच केलंय. मार्च एंडला बजेट उरलं म्हणून एका झेडपी शाळेत घाईघाईनं आरओ मशीन बसवलं, नारळ फोडला, फोटो काढले. दीड वर्षानं गेलो तर मशीनवर आमचंच उद्घाटनाचं बॅनर टाकलेलं आणि पोरं हापशावर. बाई म्हणाल्या, सर, फिल्टर बदलायला आणि लाइटबिलाला पैसे कुठनं आणू? हे मी आधी विचारलंच नव्हतं गं, अजून लागतं मनाला.

२०२१ च्या बदलानंतर चालू प्रोजेक्टचे उरलेले पैसे वेगळ्या खात्यात टाकून पुढच्या तीन वर्षांत वापरता येतात, तेव्हा मार्चची घाई नको हे साहेबांना ठामपणे सांग. आणि तुमची कंपनी टॉप १००० लिस्टेडमध्ये आहे ना, मग शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीनं २०२२-२३ पासून सक्तीचा केलेला बीआरएसआर, म्हणजे कंपनी धंदा किती जबाबदारीनं करते ते सांगणारा रिपोर्ट असणारच, पहिल्याच आठवड्यात तो काढ, प्लांटमध्ये अपघात किती, पाणी किती उचललं, कंत्राटी कामगार किती, सगळं वाच. मग प्लांटशेजारच्या गावात जा, नुसतं ग्रामपंचायतीत नाही, बायका पाणी भरतात तिथं जाऊन बस, त्या काय बोलतात ते वहीत लिही. प्रपोजलचं नंतर बघू, आधी त्या पानांचे फोटो मला व्हॉट्सअॅप कर.