मदतीचे कलम: देणार कोण, किती आणि कधी?

आंतरराष्ट्रीय करारांतल्या आणि शांतता करारांतल्या मदतीच्या तरतुदींबद्दल वाचकांनी विचारलेले काही प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. प्रश्न थोडे संक्षिप्त केले आहेत.

प्रश्न: भूसुरुंगबंदीच्या ओटावा करारातले सहावे कलम म्हणते की, मदत करण्याच्या स्थितीत असलेले प्रत्येक पक्षराष्ट्र (करारात सामील झालेला देश) मदत देईल. हे बंधन मानायचे की सदिच्छा? (कायद्याचा विद्यार्थी)

उत्तर: बंधन आहे, पण आपण ‘त्या स्थितीत’ आहोत की नाही हे देणारा देशच ठरवतो. मदत मागण्याचा आणि घेण्याचा हक्कही याच कलमात आहे, मात्र तो ‘शक्य असेल तेथे’ या शब्दांनी मऊ केलेला आहे. एखाद्या श्रीमंत देशाने काहीच दिले नाही म्हणून त्याच्यावर दावा लावावा, अशी सोय व्यवहारात नाही.

उलट, ज्याच्या जमिनीत सुरुंग आहेत त्याच्यावरचे बंधन पक्के आहे. पाचव्या कलमाप्रमाणे करार त्या देशाला लागू झाल्यापासून १० वर्षांत जमीन साफ करायची. जमले नाही तर एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांची मुदतवाढ मागता येते आणि हजर राहून मतदान करणाऱ्या पक्षराष्ट्रांच्या बहुमताने ती मिळते. मदत आली नाही म्हणून कर्तव्य संपत नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २००६ च्या करारात, ३२ व्या कलमात, हे तर सरळच लिहिले आहे: आंतरराष्ट्रीय सहकार्याच्या तरतुदींमुळे त्या त्या राष्ट्राची स्वतःची जबाबदारी कमी होत नाही.

म्हणून मुदतवाढीचा अर्ज हाच मदत मागण्याचा खरा कागद समजावा. उशिराची कारणे, राष्ट्रीय कार्यक्रमाची स्थिती, हाताशी असलेली आर्थिक व तांत्रिक साधने आणि उशिराचे माणसांवर, अर्थव्यवस्थेवर व पर्यावरणावर होणारे परिणाम, एवढे त्यात द्यावेच लागते. ‘निधीअभावी काम रखडले’ एवढ्यावर कोणी पैसे देत नाही. संशयित क्षेत्र आणि खात्रीचे सुरुंगग्रस्त क्षेत्र वेगवेगळे दाखवा, वर्षवार चौरस किलोमीटर मांडा, स्वतःच्या अर्थसंकल्पातून किती आणि बाहेरून किती हवे ते सांगा. आधी गावकऱ्यांना विचारून आणि लष्करी नोंदी पाहून करायचे सर्वेक्षण पुरे करावे, कारण संशयित म्हणून रंगवलेला नकाशा बहुतेक वेळा प्रत्यक्षाहून बराच मोठा असतो. सुरुंग नसलेली जमीन खणण्यासाठी पैसे मागितले की देणगीदार पुढच्या वर्षी हात आखडता घेतात. असा कार्यक्रम आखण्यासाठीच संयुक्त राष्ट्रांकडे मदत मागण्याची सोय ओटावा कराराच्या सहाव्या कलमाच्या सातव्या परिच्छेदात आहे, ती आधी वापरावी. त्यानंतर दरवर्षी ३० एप्रिलपर्यंत द्यायच्या अहवालात गरजा नव्याने मांडत राहावे.

जखमींचे काय, हा प्रश्न मात्र मुदतीत बसत नाही. मोझांबिकने २०१५ मध्ये आपली भूमी सुरुंगमुक्त झाल्याचे जाहीर केले. जमीन साफ झाली, पण पाय गमावलेल्या माणसाला कृत्रिम पाय आयुष्यभर लागतो. प्रौढाचा पाय साधारण तीन ते पाच वर्षांत बदलावा लागतो, वाढत्या मुलाचा त्याहून कितीतरी लवकर. देणगीदारांचा निधी प्रकल्पाबरोबर येतो आणि जातो. त्यामुळे हा खर्च सुरुवातीपासूनच आरोग्य खात्याच्या नियमित अर्थसंकल्पात घालावा, असे आम्ही आग्रहाने सांगू.

प्रश्न: ज्याने बॉम्ब टाकले त्याच्यावरच खर्च का टाकत नाहीत?

उत्तर: तसे प्रयत्न झाले आहेत, पण अर्धेमुर्धे. क्लस्टर बॉम्बविषयीच्या (एकातून अनेक छोटे बॉम्ब विखुरणाऱ्या अस्त्रांविषयीच्या) २००८ च्या करारात, पूर्वी हे बॉम्ब वापरलेल्या पक्षराष्ट्राने मदत करावी असे ‘जोरदार प्रोत्साहन’ दिले आहे, सक्ती नाही. काही पारंपरिक शस्त्रांवर निर्बंध घालणाऱ्या कराराच्या, युद्धानंतर उरलेल्या स्फोटकांबद्दलच्या २००३ च्या पाचव्या प्रोटोकॉलमध्ये (जोडकरारात) भाषा कडक आहे: स्वतःच्या ताब्यात नसलेल्या भागातही वापरकर्त्याने तांत्रिक, आर्थिक, साहित्याची किंवा मनुष्यबळाची मदत द्यायची आहे. पण तिथेही ‘शक्य असेल तेथे’ आहेच. अण्वस्त्रबंदी करारात चाचण्या केलेल्या राष्ट्रावर पीडित देशांना पुरेशी मदत देण्याची जबाबदारी आहे, फक्त एकाही अण्वस्त्रधारी देशाने त्यावर सही केलेली नाही.

पैशापेक्षाही मोलाची असते ती माहिती: कोणत्या प्रकारचा बॉम्ब, किती आणि नेमका कुठे टाकला. ती द्यायला खर्च फारसा येत नाही आणि शोधपथकाची कित्येक वर्षे वाचतात. वाटाघाटीत पैशावर अडून बसण्याआधी नकाशे आणि नोंदी पदरात पाडून घ्या.

प्रश्न: पैसा खरोखर बांधून घेतलेला एखादा करार आहे का?

उत्तर: दोन सांगतो, दोन्ही अभ्यासण्यासारखे आहेत.

पहिला, १९६० चा सिंधू पाणीवाटप करार. त्याच्या पाचव्या कलमात भारताने ६,२०,६०,००० पौंड स्टर्लिंग द्यायचे ठरले. रक्कम दहा समान वार्षिक हप्त्यांत, दर १ नोव्हेंबरला, पाकिस्तानच्या हातात न देता जागतिक बँकेकडे, सिंधू खोरे विकास निधीसाठी. या पैशातून पाकिस्तानने पूर्वेकडच्या नद्यांऐवजी पश्चिमेकडच्या नद्यांवरून पाणी आणणारे कालवे आणि बांधकामे उभी करायची होती. इतर देण्याघेण्याच्या वादांपोटी हप्त्यातून वजावट करायची नाही, हेही लिहून ठेवले. पाकिस्तानने संक्रमणकाळ (नवी बांधकामे होईपर्यंत पूर्वेकडच्या नद्यांचे पाणी मिळण्याची मुदत) वाढवून मागितला तर त्या निधीतून भारताला किती रक्कम द्यायची याचा तक्ता दिला: एका वर्षाला ३१,२५,००० पौंड, दोन वर्षांना ६४,०६,२५०, तीन वर्षांना ९८,५०,०००. रक्कम, तारीख, खाते आणि उशिराची किंमत अशी चारही टोके बांधलेली असल्याने १९६५ च्या युद्धातही हप्ते थांबले नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये भारताने हा करार स्थगित ठेवला, पण पैशाचे कलम कधीच पुरे झाले होते.

दुसरा, ओझोन थराच्या रक्षणाचा माँट्रियल प्रोटोकॉल. १९९० च्या लंडन दुरुस्तीने त्यात बहुपक्षीय निधी आला. विकसित देशांचे अंशदान संयुक्त राष्ट्रांच्या वर्गणीच्या प्रमाणात ठरते आणि निधी दर तीन वर्षांनी भरला जातो. कार्यकारी समितीत सात विकसनशील आणि सात विकसित देश असतात. मतदानाची वेळ आली तर दोनतृतीयांश मते लागतात आणि त्यात दोन्ही गटांचे स्वतंत्र बहुमत हवे, म्हणजे कोणताही एक गट दुसऱ्यावर कुरघोडी करू शकत नाही.

निधी देतो तो ‘वाढीव खर्च’. फ्रीजच्या कारखान्याने जुना वायू सोडून नवा घेतला तर वायू भरण्याचे नवे यंत्र, कॉम्प्रेसरमधले बदल, कामगारांचे प्रशिक्षण हे त्यात बसते. त्याच निमित्ताने कारखान्याची क्षमता दुप्पट केली, तर तो भाग मालकाचा. अर्ज अडकतात ते बहुधा इथेच, म्हणून दोन्ही खर्च वेगळे काढून दाखवावेत. आणखी एक फार महत्त्वाची तरतूद पाचव्या कलमात आहे: पैसा किंवा तंत्रज्ञान न मिळाल्याने बंधन पाळता येत नाही, असे विकसनशील देशाने सचिवालयाला लेखी कळवले तर पक्षराष्ट्रांची बैठक ते प्रकरण पाहते आणि मधल्या काळात त्या देशावर नियमभंगाची कारवाई करता येत नाही. मदत आणि बंधन यांची अशी गाठ फार थोड्या करारांत मारलेली आहे.

प्रश्न: यादवीनंतरच्या शांतता करारात ‘आंतरराष्ट्रीय समुदाय मदत करेल’ असे लिहितात. ते देश सही करत नाहीत, मग बांधील कसे? (पत्रकारितेची विद्यार्थिनी)

उत्तर: बांधील नसतात. करारांच्या कायद्याबद्दलच्या १९६९ च्या व्हिएन्ना कराराचे ३५ वे कलम स्पष्ट आहे: तिसऱ्या राष्ट्रावर बंधन यायचे असेल तर त्याने ते लेखी आणि उघडपणे स्वीकारायला हवे. शिवाय सरकार आणि बंडखोर संघटना यांच्यातला करार व्हिएन्ना कराराच्या व्याख्येत बसतही नाही.

म्हणून जाणते मध्यस्थ मदतीसाठी वेगळी यंत्रणा उभी करतात. मोझांबिकच्या १९९२ च्या रोम कराराचा सातवा प्रोटोकॉल देणगीदारांच्या परिषदेबद्दलच आहे. निवडणूक, विस्थापितांचे परतणे आणि सैनिकांचे पुनर्वसन यांसाठी पैसा त्यातून आला. शस्त्रे खाली ठेवून राजकीय पक्ष होऊ पाहणाऱ्या रेनामो या बंडखोर संघटनेसाठी संयुक्त राष्ट्रांनी वेगळा न्यासनिधीही काढला. विरोधकाला कार्यालय, वाहने आणि पगार यांसाठी पैसे देणे अनेकांना रुचत नाही, पण तो पुन्हा जंगलात जाण्यापेक्षा हे बरे.

देणगीदार काय देत नाहीत, हेही आधीच ओळखावे. एल साल्वादोरमध्ये १९९२ च्या करारानंतर रस्ते आणि पायाभूत कामे यांना पैसा मिळाला, पण नवे नागरी पोलीस दल आणि माजी लढवय्यांना जमीन देणे या शांततेच्या दोन मुख्य गोष्टींसाठी हात आखडले. पोलीस म्हटले की परदेशी संसदांना धास्ती वाटते, जमीन म्हटले की वाद दिसतो. ग्वाटेमालाच्या करारात म्हणूनच स्वतःच्या कराचे लक्ष्य घातले: राष्ट्रीय उत्पन्नातला कराचा वाटा २००० पर्यंत १९९५ च्या मानाने निदान ५० टक्क्यांनी वाढवायचा. ते मुदतीत गाठले गेले नाही, तरी लक्ष्य आकड्यात असल्याने सरकारला जाब विचारता आला.

आणि देणाऱ्याने स्वतः सही केली तरी निश्चिंत होऊ नये. व्हिएतनाम युद्ध थांबवण्यासाठीच्या २७ जानेवारी १९७३ च्या पॅरिस करारात, २१ व्या कलमात, युद्धाच्या जखमा भरून काढायला आणि उत्तर व्हिएतनामच्या पुनर्बांधणीला हातभार लावण्याचे अमेरिकेने मान्य केले. रक्कम करारात नव्हती. ती अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी उत्तर व्हिएतनामला १ फेब्रुवारीला लिहिलेल्या गुप्त पत्रात होती: पाच वर्षांत सुमारे ३.२५ अब्ज डॉलरचे अनुदान, तेही ‘प्राथमिक अंदाज’ म्हणून. सोबतच्या टिपणात प्रत्येक बाजू आपल्या घटनात्मक तरतुदींप्रमाणे अंमल करेल असे होते, म्हणजे अमेरिकी काँग्रेसची मंजुरी लागणार. ती कधी मिळालीच नाही. पुढे लढाई चालू राहिली, करार मोडल्याचा आरोप अमेरिकेने केला आणि पत्र लोकांसमोर आले ते थेट १९७७ मध्ये. गुप्त पत्रातला आकडा आणि संसदेच्या मंजुरीची अट एकत्र दिसली की ती रक्कम हिशेबात धरू नये.

प्रश्न: सैनिकी किंवा देखरेखीची मदत घेताना काय सांभाळावे?

उत्तर: ती संपणार कशी, हे आधी लिहावे. २९ जुलै १९८७ च्या भारत-श्रीलंका करारात श्रीलंकेने विनंती केल्यास भारत लष्करी मदत देईल असे होते, आणि तोडग्याची हमी भारताने घेतली होती. परतण्याची तारीख किंवा पद्धत नव्हती. १९८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष प्रेमदासांनी फौजा परत न्या म्हटल्यावर विनंती संपली की हमी उरली, यावर वाद पेटला. शेवटचे जवान निघाले ते मार्च १९९० मध्ये.

नेपाळमध्ये २००६ च्या करारात शस्त्रांचा प्रश्न नीट सोडवला. माओवाद्यांची शस्त्रे छावण्यांत कुलूपबंद, किल्ली माओवाद्यांकडेच, पण कुलपाला भोंगा आणि नोंद करणारे उपकरण जोडलेले आणि तपासणी संयुक्त राष्ट्रांकडे. तेवढ्याच संख्येने नेपाळी सैन्याची शस्त्रेही बंद. कोणालाही शरण गेल्यासारखे वाटू नये, याचा विचार त्यात होता. चूक राहिली ती मुदतीत. जानेवारी २००७ मध्ये आलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या पथकाला १२ महिने दिले होते, कारण संविधानसभेची निवडणूक त्यात उरकेल असे धरले होते. ती एप्रिल २००८ पर्यंत लांबली. लढवय्यांना सामावून घेण्याचे काम मात्र सरकारच्या विशेष समितीकडे होते आणि ते रखडले. जानेवारी २०११ मध्ये पथक गेले तेव्हा माणसे छावण्यांतच होती. मदतीची मुदत तारखेला न बांधता कामाच्या टप्प्याला बांधावी, आणि टप्पा हुकला तर कोण कधी बसून ठरवेल तेही लिहावे.

प्रश्न: तातडीच्या मदतीसाठी तासांचे वेळापत्रक असलेला करार आहे का?

उत्तर: आहे. रासायनिक अस्त्रबंदी कराराच्या दहाव्या कलमानुसार विनंती मिळाल्यापासून २४ तासांत करार राबवणाऱ्या संघटनेच्या महासंचालकांनी चौकशी सुरू करायची, ७२ तासांत अहवाल द्यायचा, अहवालानंतर २४ तासांत कार्यकारी परिषदेने बसायचे आणि पुढच्या २४ तासांत साध्या बहुमताने निर्णय घ्यायचा. चौकशीला वेळ कमी पडला तर ७२ तासांची वाढ घेता येते. कोणत्या प्रकारची मदत देऊ हे प्रत्येक पक्षराष्ट्राने आधीच नोंदवायचे असते, निधीत पैसे किंवा मुखवटे, औषधे, शुद्धीकरणाची साधने. ही नोंद वेळच्या वेळी ताजी ठेवली नाही तर वेळापत्रक पाळूनही कालबाह्य औषधे पोचतात. आपल्या देशाची नोंद शेवटची कधी सुधारली, हे खासदारांमार्फत विचारता येण्यासारखे आहे.