बेळगावच्या लहान रंगाई कारखान्यांना सामूहिक सांडपाणी प्रकल्पासाठी सरकारी मदत मिळते का, आणि ती पुरते का?

शहापूर, वडगाव, खासबाग भागातील सूत रंगवणारे लहान कारखानदार एकत्र आले, तर सामूहिक सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पासाठी सरकार किती पैसा देते आणि तेवढ्यात भागते का, असे आपण विचारले आहे. मी निपाणीचा असून इचलकरंजीतील एका प्रोसेस हाउसच्या, म्हणजे कापड धुण्या-रंगवण्याच्या कारखान्याच्या, प्रयोगशाळेत अनेक वर्षे काम केले आहे. त्या अनुभवावरून सांगतो की, प्रकल्प बांधायला मिळणारी मदत भरीव असते. तो चालवण्याचा खर्च मात्र सभासदांनाच सोसावा लागतो, आणि बहुतेक प्रकल्प तिथेच अडतात.

केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाची एकात्मिक प्रक्रिया विकास योजना १२ व्या पंचवार्षिक योजनेत ५०० कोटी रुपयांच्या तरतुदीने सुरू झाली. तिच्यात खर्चाचा ५० टक्के वाटा केंद्राचा, २५ टक्के राज्याचा, १५ टक्के लाभार्थींचा आणि १० टक्के बँक कर्जाचा, अशी विभागणी ठरली. म्हणजे २० कोटींच्या प्रकल्पात १० कोटी केंद्राचे, ५ कोटी राज्याचे, ३ कोटी कारखानदारांचे आणि २ कोटी कर्जाचे. शून्य द्रव विसर्ग, म्हणजे थेंबभरही पाणी बाहेर न सोडणाऱ्या प्रकल्पासाठी केंद्राच्या मदतीची मर्यादा ७५ कोटी ठेवली होती. याशिवाय सूक्ष्म व लघु उद्योगांच्या समूह विकास योजनेतूनही सामाईक सुविधांना अनुदान मिळू शकते, आणि आपल्यासारख्या लहान समूहाला कदाचित तीच अधिक सोयीची पडेल. या योजनांच्या अटी आणि मुदती बदलत असतात, म्हणून जिल्हा उद्योग केंद्रात सध्याची मार्गदर्शक तत्त्वे पाहूनच पुढचे पाऊल टाकावे. दोन्ही मार्गांत सभासदांची स्वतंत्र संस्था किंवा कंपनी नोंदवावी लागते, आणि प्रकल्प चालवण्याची जबाबदारी तिच्यावरच येते.

आता चालवण्याच्या खर्चाकडे वळतो, कारण अनुदानाच्या बैठकांत याबद्दल फारच कमी बोलले जाते. रिॲक्टिव्ह रंगांनी, म्हणजे धाग्याशी रासायनिक रीतीने जोडल्या जाणाऱ्या रंगांनी, सुती धागा रंगवताना रंग धाग्यावर बसावा म्हणून पाण्यात भरपूर मीठ घालावे लागते. प्रयोगशाळेत आम्ही त्या काळ्यानिळ्या पाण्यात चुना आणि हिराकस घालून ढवळत असू. थोड्या वेळात गाळ तळाशी बसे आणि वरचे पाणी इतके नितळ दिसे की पाहुण्यांना ते पिण्याजोगे वाटावे. पण त्याच पाण्यात विद्राव्य क्षारांचा मीटर बुडवला की आकडा जिथल्या तिथे, कधी थोडा वाढलेलाही असे. रंग जातो, मीठ जात नाही. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यासाठी क्षारांची मर्यादा लिटरला २१०० मिलिग्रॅम आहे, आणि जिवाणूंकडून घाण खाववून पाणी साफ करणाऱ्या टाकीने मीठ कमी होत नाही. त्यासाठी आरओ, म्हणजे दाबाने पाणी बारीक पडद्यातून गाळून क्षार वेगळे करणारे यंत्र लागते, आरओने नाकारलेले खारट पाणी आटवायला इव्हॅपोरेटर लागतो, आणि त्याला वाफ व वीज लागते. शिवाय उरणारा रासायनिक गाळ घातक कचऱ्यात मोडतो, त्याच्या विल्हेवाटीचे पैसे वेगळे.

तमिळनाडूतील तिरुपूर या कापड-रंगाईच्या शहरात हे सगळे घडून गेले आहे. मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये तिथले रंगाई कारखाने बंद करण्याचा आदेश दिला, त्यानंतर तमिळनाडू सरकारने सामूहिक प्रकल्पांना २०० कोटी रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. तिथे आज आरओचे पाणी आणि परत मिळवलेले खारे पाणी पुन्हा रंगाईत वापरतात. मिठाचा आणि पाण्याचा खर्च वाचतो, म्हणून तो प्रकल्प सोसवतो. आपल्याकडेही पहिल्यापासून रंगाचे खारट पाणी आणि नंतरच्या धुण्याचे पाणी वेगवेगळ्या नळांनी न्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. धुण्याचे पाणी भरपूर असते आणि तुलनेने स्वच्छ असते. ते खारट पाण्यात मिसळले की सगळेच आटवण्याची वेळ येते.

सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०१७ च्या निकालात सांडपाणी प्रक्रियेची यंत्रणा चालू नसलेले कारखाने चालू देऊ नयेत असे स्पष्ट केले, तेव्हा थांबून राहण्याची मुभा कोणालाच उरलेली नाही.

सीमाभागातला माणूस म्हणून एक गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. इचलकरंजीजवळून वाहणारी पंचगंगा नरसोबावाडीला कृष्णेला मिळते आणि पुढे तेच पाणी आमच्या बेळगाव जिल्ह्यातील नदीकाठच्या गावांत येते. इचलकरंजीकडच्या प्रकल्पातला राज्याचा वाटा महाराष्ट्राच्या तिजोरीतून जातो, पण तो प्रकल्प बंद पडला तर पाणी प्यायचे आणि शेताला द्यायचे कर्नाटकातल्या लोकांनी. म्हणूनच केंद्राने निम्मा पैसा देताना त्याचा शेवटचा हप्ता बांधकाम पूर्ण झाल्यावर नव्हे, तर प्रकल्प सलग काही वर्षे चालल्यावर द्यावा, असे माझे ठाम मत आहे.

आपण अर्ज करण्याआधी प्रत्येक कारखान्याच्या नळावर पाण्याचा मीटर बसवा आणि हजार लिटरमागे किती आकार द्यायचा, थकवल्यास काय करायचे, हे सर्व सभासदांकडून लेखी करून घ्या. बँकही पहिल्यांदा हेच विचारते.